घरचे घड्याळ आणि तालमीची वेळ

‘तालीम’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ शिकवणे असा आहे. मराठीत मात्र जेथे शरीर घडवावयाचे त्या जागेस आपण तालीम म्हणू लागलो. म्हणजे शिक्षण आणि व्यायाम ह्यांची फारकत निदान आपल्या भाषेने तरी मानलेली नाही. जुन्या काळी मारुतीच्या देवळाशेजारची तालीम गावाच्या दिनक्रमात मिसळून गेलेली असे. पहाटे जोरबैठका काढून आलेला मुलगा घरी येऊन धारा काढी, न्याहारी करी आणि मग रानात जाई. तालमीची वेळ घरच्या कामांच्या फटीतच बसविलेली असे, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

आज तालुक्याच्या गावी कराटेचे वर्ग निघाले आहेत, व्यायामशाळा उघडल्या आहेत. ज्यांना शुल्क व प्रवास परवडतो त्यांची मुले तेथे जातात. उरलेल्यांना शाळा हीच तालीम. पुष्कळ शिक्षकबंधुभगिनी हे ओळखून उत्साहाने लेझीम, लाठी, सूर्यनमस्कार ह्यांचे वर्ग सुरूही करतात. पहिल्या आठवड्यात पटांगण भरून जाते. महिना लोटला की मूठभर मुले उरतात. अशा वेळी ‘मुलांना चिकाटी नाही’ असा शेरा सहज तोंडून निघतो. प्रस्तुत लेखाचे सांगणे एवढेच आहे की, हा शेरा मारण्यापूर्वी आपण त्या मुलाच्या घरचे घड्याळ पाहिले पाहिजे. गळालेली मुले बहुधा आळशी नसतात. ती कामाची असतात. आणि वर्गाची खरी गरज पुष्कळदा त्यांनाच असते.

वेळ कशी ठरवावी

समजा, पाचवीतील एक मुलगी आहे. आई पहाटे खुरपणीस जाते. नळाला पाणी येते ते सकाळी, आणि ते भरण्याचे काम हिच्याकडे. धाकट्या भावाला तयार करून अंगणवाडीत पोहोचवावयाचे, मग स्वतः शाळेत यावयाचे. आपण परिपाठापूर्वी अर्धा तास वर्ग ठेवला, तर ही मुलगी तीन दिवस धापा टाकीत येईल, दोन दिवस उशिरा येईल आणि सहाव्या दिवशी येणे सोडून देईल. उशिराबद्दल बोलणी खाण्यापेक्षा न येणे बरे, हा तिचा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही.

म्हणून वर्ग सुरू करण्यापूर्वी एक आठवडा केवळ विचारपूस करावी. मूल किती वाजता उठते, पाणी कोण भरते, जनावरांचे काम कोणाकडे, धाकट्या भावंडांना कोण सांभाळते, पहिला घास केव्हा पोटात जातो आणि शाळा सुटल्यावर घरी कोण असते, एवढी माहिती एका वहीत मांडली की पुरे. वहीवर नजर टाकताच पुष्कळ ठिकाणी दिसून येते की, सर्वांना मोकळी सापडेल अशी वेळ शाळेच्या आतच आहे. सकाळची वेळ पाण्याची, संध्याकाळची वेळ जनावरांची व चुलीची. शेवटच्या तासाची पंचवीस मिनिटे मात्र कोणाच्याही घरून हिरावून घ्यावी लागत नाहीत. वेळापत्रकातील शारीरिक शिक्षणाचे तास ह्यासाठीच आहेत. ते अन्य विषयांना उसने देण्याची आपली सवय मोडली, तर निम्मे काम झाले.

सुट्टीच्या दिवशी वर्ग घ्यावयाचा असेल, तर धाकट्या भावंडांस बरोबर आणण्याची मोकळीक द्यावी. झाडाखाली बसून पाहणारे ते पोर दोन वर्षांनी आपणहून रांगेत उभे राहते.

घरकाम हा व्यायाम नव्हे काय?

‘आमची पोरे दिवसभर राबतात, त्यांना आणखी व्यायाम कशाला?’ असा प्रश्न पालक विचारतात. तो उडवून लावण्याजोगा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल हवी, आणि आठवड्यातून निदान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम हवा. ह्या ६० मिनिटांत झपझप चालणे, खेळणे, अंगमेहनतीचे काम हे सारे येते. शाळेपर्यंत पायपीट करणाऱ्या व पाणी वाहणाऱ्या मुलाचा बराच वाटा घरीच भरलेला असतो, हे पालकांचे म्हणणे खरे आहे.

परंतु काम आणि व्यायाम ह्यांत एक भेद आहे. काम शरीराचा एकच भाग पुनःपुन्हा राबविते. घागर नेहमी एकाच कडेवर घेतली जाते. खुरपताना पाठ तासन्‌तास पुढे वाकलेली असते. भारा एकाच खांद्यावर येतो. व्यायामात दोन्ही बाजूंना सारखा ताण मिळतो. सूर्यनमस्काराचेच उदाहरण घ्या. त्यात पुढे वाकणे आणि मागे वाकणे आलटून पालटून येते. एकदा उजवा पाय मागे जातो, एकदा डावा. दिवसभर पुढे वाकलेल्या पाठीस उलट दिशेने ताण देणारी ही क्रिया पालकांना प्रत्यक्ष करून दाखवावी. कष्टकरी माणसाला ती पटविण्यास फार शब्द लागत नाहीत. त्याची स्वतःची पाठ साक्ष देते.

ह्यावरून शिक्षकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या मुलाने सकाळी पंधरा घागरी पाणी वाहिले आहे त्यास आणि जे मूल वाहनातून आले आहे त्यास एकच मोजमाप लावू नये. पहिल्याला ताण देणारे, सांधे मोकळे करणारे प्रकार अधिक द्यावेत. दुसऱ्याला धावणे व बैठका अधिक द्याव्यात.

खुराकाची भीती

तालीम म्हटली की बदाम, तूप आणि तांब्याभर दूध डोळ्यांपुढे येते, आणि गरीब बाप मनातल्या मनात माघार घेतो. कुस्तीच्या फडात उतरणाऱ्या पहिलवानाचा खुराक वेगळा, आणि शाळेत वीस-पंचवीस मिनिटे मेहनत करणाऱ्या बालकाची गरज वेगळी, हे पालकसभेत स्पष्ट सांगावे. भाकरी, डाळ अथवा उसळ, पालेभाजी आणि जमेल तेव्हा दूध वा अंडे, असे घरचे नित्याचे अन्न पोटभर मिळाले म्हणजे एवढ्या व्यायामास ते पुरते. मूठभर भाजलेले शेंगदाणे, फुटाणे किंवा मटकीची घुगरी हा आपल्याकडील उत्तम व स्वस्त खुराक होय.

खरा प्रश्न खुराकाचा नसून वेळेचा आहे. काही मुले चहावरच शाळेत येतात. अशा मुलांकडून उपाशी पोटी जोर काढविणे धोक्याचे आहे. घेरी येते, मळमळते. शाळेतील मध्यान्ह भोजन प्राथमिक वर्गांतील मुलास ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशा बेताने आखलेले असते. ते पोटात गेल्यावर दीड-दोन तासांनी, म्हणजे शेवटच्या तासाला, मेहनत घेणे सर्वांत श्रेयस्कर. जेवणानंतर लगेच मात्र जड व्यायाम घेऊ नये.

मुलींचा प्रश्न

मुली सहावी-सातवीत आल्या की पटांगणातून एकाएकी दिसेनाशा होतात. कारणे पुष्कळदा कोणी उघड बोलत नाही. कपड्यांचा संकोच असतो, पाळीच्या दिवसांची अडचण असते, अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचण्याची घाई असते, आणि घरकामाचा वाटा वयाबरोबर वाढलेला असतो. ह्यांवर उपदेश उपयोगी पडत नाही. सोय उपयोगी पडते. सलवार-कुडता घालून व्यायाम करण्यास मुभा द्यावी. ज्या दिवशी मुलीला बरे वाटत नसेल त्या दिवशी कारण न विचारता बाजूला बसू द्यावे, आणि तिला करावासा वाटला तर करूही द्यावा. शिक्षिका असतील तर त्यांनी मातांना एकदा वर्ग पाहण्यास बोलवावे. लेक लाठी फिरविते आहे हे आईने स्वतः पाहिले, की संध्याकाळच्या भाकरीचा अर्धा तास तीच मागेपुढे करून देते.

औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार रुजविले, तेव्हा हा व्यायाम स्त्रीपुरुष, लहानथोर सर्वांनी करावा असा त्यांचा आग्रह होता. अंथरण्यास एक सतरंजी लागते; बाकी साहित्य काही नाही. मल्लखांबातही दोरीचा मल्लखांब मुलींनी आपलासा केला आहे. मात्र मल्लखांब व कुस्ती हे प्रकार जाणत्या वस्तादाच्या देखरेखीवाचून, व खाली मऊ जमीन असल्यावाचून, शाळेत कदापि घेऊ नयेत.

उठाबशांविषयी दोन शब्द

आपल्यापैकी अनेकांच्या शालेय आठवणींत कान धरून काढलेल्या उठाबशा आहेत. बैठक हा पायांचा फार चांगला व्यायाम. तो आपण शिक्षेच्या दावणीस बांधला. ज्या मुलाला गणित चुकल्यावर वीस बैठका काढाव्या लागल्या, त्याला दुपारी ‘बैठका काढा, बळ येईल’ असे सांगून काय उपयोग? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ ह्यांस मनाई केलेलीच आहे. परंतु कायद्याचा धाक बाजूला ठेवला, तरी व्यायामाची गोडी लावू पाहणाऱ्याने तोच व्यायाम दंड म्हणून वापरणे म्हणजे एका हाताने पेरून दुसऱ्या हाताने उपटणे होय.

ऊसतोडीस जाणारी मुले

काही गावांत दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीस निघतात. अशा घरातील मूल आईबापांबरोबर गेले, तर त्याची शाळा तर तुटतेच, व्यायामही तुटतो. अभ्यास तुटू नये म्हणून आपण पालकांना विनवितो, हंगामी वसतिगृहाची सोय पाहतो. ते प्रथम कर्तव्य आहेच. त्याउपर जे मूल जाणारच असेल, त्यास निदान अंगाबरोबर नेता येईल असे काही द्यावे. लेझीम शाळेत राहते, मल्लखांब शाळेत राहतो. सूर्यनमस्कार मात्र कोपीपुढच्या हातभर जागेतही घालता येतात. निघण्यापूर्वी त्यास क्रम नीट पाठ करवून घ्यावा व ‘धाकट्यांना तू शिकव’ असे काम सोपवावे. परत आल्यावर त्यालाच रांगेपुढे उभे करावे. आपली जागा गेली नाही हे त्यास कळते, आणि पुस्तकाकडे परतण्याची वाटही सोपी होते.

आरंभीचा क्रम

पंचवीस मिनिटांची वाटणी साधारण अशी असावी: ५ मिनिटे हलके धावणे व सांधे फिरविणे, १० मिनिटे सूर्यनमस्कार, ५ मिनिटे बैठका व जोर, शेवटची ५ मिनिटे लेझीम, लाठी किंवा खेळ. प्रथम ३ नमस्कार पुरेत. दर आठवड्यास एक वाढवावा. मुलामुलांत संख्येची चुरस लावू नये. ताप, खोकला, धाप लागणे अशी तक्रार असल्यास त्या दिवशी विश्रांती द्यावी. उन्हाळ्यात वर्ग सावलीत घ्यावा व पाणी जवळ ठेवावे.

कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव ह्यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कुस्तीचा पहिला वस्ताद त्यांना घरातच लाभला, तो म्हणजे वडील. पुढे परदेशी जाण्यास पैसा उभा राहीना, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले राहते घर गहाण ठेवले. एवढा त्याग आपल्याकडून कोणी मागत नाही. परंतु त्या प्राचार्यांनी जे पाहिले ते आपणही पाहू शकतो: विद्यार्थ्याच्या अंगातील बळाबरोबरच त्याच्या घरची अडचण. ती अडचण ध्यानी घेऊन वर्गाची वेळ अर्ध्या तासाने हलविणे, एवढे तर प्रत्येक शिक्षकाच्या हाती आहे.