रात्रीची लांबी मोजणारी ग्रंथी : घोडा आणि मेलॅटोनिन

मार्गशीर्षातील लग्नसराईत कोसाडच्या रस्त्यावरून वरात निघते, तेव्हा विद्युद्दीपांच्या झगमगाटात नवरदेवाची घोडी संथपणे पावले टाकीत असते. त्या प्रकाशाची नोंद तिच्या मेंदूत कोठे होते, आणि तिचे पुढे काय होते, हा या लेखाचा विषय आहे.

मेंदूच्या दोन गोलार्धांच्या मधोमध, खोलवर, पिनिअल नावाची लहानशी ग्रंथी असते. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने सतराव्या शतकात तिला आत्म्याचे आसन मानले होते. तिच्या कार्याचा उलगडा होऊ लागला तो मात्र १९५८ नंतर. त्या वर्षी अमेरिकेतील येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर यांनी गुरांच्या पिनिअल ग्रंथींतून मेलॅटोनिन हे संप्रेरक वेगळे केल्याचे प्रसिद्ध झाले. दृष्टिपटलावर प्रकाश पडत असेतो या ग्रंथीचा स्राव थोपविला जातो. अंधार होताच तो वाढतो.

हल्ली मेलॅटोनिनच्या गोळ्या विकल्या जात असल्यामुळे ते निद्रेचे संप्रेरक आहे, अशी समजूत रूढ झाली आहे. ती अपुरी आहे. घोडा चोवीस तासांत जेमतेम तीन तास झोपतो, तेही तुकड्यातुकड्यांनी आणि बरेचसे उभ्यानेच. उंदीर तर रात्रभर हिंडतो. तरीही त्याच्या रक्तात मेलॅटोनिन रात्रीच वाढते. म्हणजे हा निरोप ‘आता झोप’ असा नसून ‘रात्र आहे, आणि ती इतकी लांब आहे’ असा आहे. हिवाळ्यात स्राव दीर्घकाळ टिकतो, उन्हाळ्यात थोडा वेळ. प्राण्याच्या शरीराचे पंचांग ते हेच.

घोडीची गर्भावस्था सुमारे अकरा महिन्यांची. वाढत्या दिवसांत ती माजावर आली, तर शिंगरू पुढील वर्षी हिरव्या चाऱ्याच्या दिवसांत जन्मते. म्हणून दीर्घ रात्रींचा निरोप मिळत असेपर्यंत तिचे बीजकोश बहुधा विश्रांती घेतात. मेंढीच्या बाबतीत नेमके उलट घडते. तिची गर्भावस्था पाच महिन्यांची असल्याने लांबत्या रात्री हाच तिचा ऋतू. संप्रेरक एकच, अर्थ ज्याचा त्याने लावावयाचा.

शर्यतीच्या घोड्यांच्या पैदासीत या ज्ञानाला पैशाचे मोल आहे. उत्तर गोलार्धात अशा प्रत्येक घोड्याचे वय १ जानेवारीपासून मोजतात. एप्रिलमधले शिंगरू जानेवारीतल्यापेक्षा तीन महिन्यांनी लहान, पण शर्यतीत समवयस्क! म्हणून पैदासकार डिसेंबरच्या आरंभापासून घोडीच्या ठाणावर संध्याकाळी दिवा लावून दिवस सोळा तासांचा करतात. उजेड किती हवा? ठाणात उभे राहून वर्तमानपत्र वाचता यावे इतका. साठ-सत्तर दिवसांत घोडी माजावर येऊ लागते. हा वाढीव उजेड केवळ पहाटे दिल्यास उपयोग होत नाही. मात्र अंधार पडल्यावर साडेनऊ तासांनी तासभर दिल्यास होतो. दिवा चोवीस तास जळत ठेवल्यासही अपेक्षित गुण येत नाही. लांबी मोजावयास रात्र हवीच. अलीकडे एकाच डोळ्यावर मंद निळा प्रकाश टाकणारे मुखवटेही निघाले आहेत. त्यामुळे घोडी कुरणात मोकळी राहू शकते.

आपल्याकडे हे कितपत लागू पडते? इंग्लंडातील न्यूमार्केट येथे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसांत सुमारे नऊ तासांचे अंतर पडते. कोसाड एकवीस अंश अक्षांशावर; येथे ते पावणेतीन तासांच्या आतच आहे. विषुववृत्ताकडे जावे तसतसा घोडीचा ऋतुबंध सैल होत जातो.

राहिली आपली वरातीची घोडी. एका रात्रीच्या रोषणाईने तिचे पंचांग बिघडणार नाही. परंतु ठाणावरचा दिवा रोजच संध्याकाळनंतर तास न् तास जळत असेल, तर गोष्ट वेगळी. थंडीचे दाट केस गळावयाचे ते दिवस लांबल्याच्या खुणेने. दिव्याखालच्या घोड्या ते वेळेआधीच टाकतात. अशा घोडीच्या पाठीवर रात्री झूल घालावी.