पुराव्याचे तीन कायदे

देवगडाहून निपाणीकडे जाणारा रस्ता फोंडाघाट गावाशी सह्याद्रीच्या पायथ्याला भिडतो आणि दाजीपूरच्या अरण्याकडे चढू लागतो. पावसाळ्याच्या भरात हा चढ धुक्यात असा लोपून जातो की, घाट उतरणाऱ्या वाहनाचा आवाज आधी कानी येतो आणि त्याचा दिवा कितीतरी वेळाने दृष्टीस पडतो. अशा दिवसांत वाचनावाचून दुसरा उद्योग सुचत नाही. गेल्या पावसात प्रस्तुत लेखकाने रहस्यकथा, अद्भुतकथा आणि विज्ञानकथा या तीन जातींची पुस्तके एकामागून एक वाचली. त्यांतील बरीचशी तरुणपणी वाचलेली, पण त्या वयात ज्यांचा न्याय नीट करता आला नव्हता अशी.

या तिन्ही प्रकारांना ‘करमणुकीचे वाङ्मय’ या एकाच सदरी दाखल करण्याचा आपल्याकडे शिरस्ता आहे, आणि तो मला अन्यायाचा वाटतो. अज्ञाताचे भय आणि अज्ञाताचे कुतूहल हे तिन्हींचे मूळ भांडवल खरे. परंतु वाचकापुढे पुरावा कसा मांडावा याविषयी प्रत्येकाचा कायदा निराळा आहे, आणि एकाच्या कचेरीत दुसऱ्याचा कायदा लावला की पुस्तक बिघडते.

रहस्यकथेचे उदाहरण घेऊ. बाबुराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि ज्यांच्या हाती एरवी ग्रंथ पडला नसता अशा असंख्य माणसांना वाचनाची गोडी लावली. हे ऋण मराठी समीक्षेने अद्याप पुरते फेडलेले नाही. त्यांचे झुंजार आणि काळापहाड हे नायक मला आजही प्रिय आहेत, परंतु त्यांच्या कथा वस्तुतः साहसकथा आहेत: तेथे गुन्हेगार कोण यापेक्षा नायक संकटातून निसटतो कसा, याकडेच चित्त लागते. धनंजय आणि छोटू यांची जोडी मात्र होम्स-वॉटसनच्या कुळातली, आणि तेथे वाचक साक्षी-जबान्या ऐकणाऱ्या न्यायाधीशाच्या आसनावर बसतो. या आसनाचा मान राखण्याकरिता रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 साली दहा नियम घालून दिले, त्यांत दैवी वा अतींद्रिय शक्तीला पूर्ण मज्जाव केला. नॉक्स स्वतः कॅथलिक धर्मोपदेशक होते. ज्याची परमेश्वरावर अढळ निष्ठा त्यानेच खुनाच्या तपासात चमत्काराची साक्ष नामंजूर करावी, यात मला फार मोठा विवेक दिसतो.

हाच नियम अद्भुतकथेला लावू पाहणारा वाचक मात्र रिकाम्या हाताने परततो. वेंगुर्ल्याकडचे चिं. त्र्यं. खानोलकर यांची ‘कोंडुरा’ ही 1966 ची कादंबरी. तिच्यावरून पुढे श्याम बेनेगल यांनी चित्रपटही काढला. एका माणसाला समुद्रकाठच्या गूढ शक्तीकडून वर मिळतो, आणि तो पेलता पेलता त्याची श्रद्धा, वासना आणि संशय यांतील सीमारेषा पुसट होत जातात. हा साक्षात्कार की मनाचा भ्रम, असा सवाल विशीत असताना मी त्या पुस्तकाला केला होता. आता तो करावासा वाटत नाही. आमच्या भागात राखणदार आणि देवचार यांना गावच्या सीमेचे हक्कदार मानतात. लहानपणी घाटातल्या एका जागेविषयी मी विचारले, तेव्हा शेजारच्या वृद्धेने “तेचा नाव राती घेवचा नाय” एवढेच सांगून विषय मिटवला होता. त्या एका वाक्याने ती जागा माझ्या मनात जितकी खरी केली, तितकी कोणत्याही स्पष्टीकरणाने झाली नसती. खानोलकरांना ही गोष्ट उपजत ठाऊक होती.

घाट चढून गेले की पलीकडे कोल्हापूर, जयंत नारळीकरांचे जन्मस्थान. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेकरिता त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्याच नावाची आद्याक्षरे त्यांनी उलट्या क्रमाने योजली होती आणि हस्ताक्षर परीक्षकांच्या ओळखीचे निघू नये म्हणून पत्नीकडून मजकूर लिहवून घेतला होता. कथेला पहिले पारितोषिक मिळाले, ते कीर्तीच्या शिफारशीवाचून. कृष्णविवराचे छायाचित्र जगाने पाहिले 2019 साली, आणि ते साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या विवराचे. पण मराठी वाचकाच्या कल्पनेत ते त्याच्या किती आधी उतरले होते!

त्यांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत विज्ञानकथेचा कायदा मला सर्वांत स्वच्छ दिसतो. कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोके जोडली की मोबियसची पट्टी होते, आणि तिच्या पृष्ठावरून सरकवलेली सपाट आकृती एक फेरा करून आली की तिच्या डाव्या-उजव्याची अदलाबदल झालेली असते. हेच अवकाशाच्या बाबतीत घडले तर, एवढी एकच सवलत लेखक मागतो. तीही आपण जपून द्यावी, कारण असा उलटलेला माणूस जेवायला बसला की नवे प्रकरण उपस्थित होते: आपल्या शरीरातील प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात ती बहुतेक सारी एकाच, डाव्या, घडणीची असतात; त्याची मात्र उजवी झालेली, म्हणून पोटभर जेवूनही त्याची उपासमारच व्हायची. कथा मिटल्यानंतर वाचकाला असा हिशेब मांडावासा वाटणे, हे मी उत्तम विज्ञानकथेचे लक्षण मानतो. ज्या कथांत यंत्राचे नाव घेऊन जादूच केलेली असते, त्या वाचून असा प्रश्न कधी पडत नाही.

त्याच पावसात हाती आलेल्या एका जुन्या रहस्यकथेचे मुखपृष्ठ गेलेले होते, त्यामुळे लेखक कोण ते कळले नाही, आणि दमट हवेने शेवटची काही पानेही गिळली होती. मी मागे वळलो, साऱ्या जबान्या पुन्हा वाचल्या, वेळा कागदावर मांडल्या, आणि तिसऱ्या रात्री एका नावावर येऊन थांबलो. दुसरी प्रत मिळेपर्यंत तो कागद पुस्तकातच ठेवला आहे.