वल्हे पायांनी मारा, वारा पाहून निघा

हिवाळ्यातल्या सकाळी भिगवणजवळच्या कुंभारगाव, डिकसळच्या काठावर फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी पाहायला गर्दी होते. पक्ष्यांचा थवा जवळ आला, की नावाडी मोटर बंद करतो आणि वल्हे किंवा बांबू हाती घेतो. होडीतल्या सगळ्यांचे डोळे पक्ष्यांकडे असतात. थोडे नावाड्याकडेही पाहा. पाय फळीला घट्ट टेकलेले, पाठ सरळ, हालचालीत झटका नाही आणि श्वास वल्ह्याच्या लयीत. जिममध्ये पैसे भरून जो व्यायाम शिकावा लागतो, तो हा माणूस रोज करत असतो.

बारामती-इंदापूरकरांच्या जवळ एवढे मोठे पाणी आले ते उजनीमुळे. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. ते काठोकाठ भरले, की सुमारे ११७ टीएमसी पाणी साठते आणि इंदापूर तालुक्याच्या कडेने मैलोन्‌मैल जलाशय पसरतो. अशा पाण्यात हौसेने होडी वल्हवत फिरणे हा जगभर आवडीचा व्यायाम आहे. आपल्याकडे रोइंग म्हटले, की पुणे आठवते. तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबचा ‘रेगाटा’ १९२८ पासूनचा. लष्कराचे रोइंग केंद्रही पुण्यातच आहे.

‘आम्ही कुठे पाण्याकाठचे, आम्हाला काय जमणार,’ असे वाटत असेल, तर दत्तू भोकनळ यांचे उदाहरण घ्या. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड या दुष्काळी तालुक्यातल्या तळेगाव रोही गावचा हा मुलगा. वल्ह्याशी त्यांची गाठ पडली ती सैन्यात भरती झाल्यावर. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ते एकेरीत तेरावे आले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले.

जोर हातांचा नव्हे, पायांचा

रोइंग म्हणजे दंडांचा व्यायाम, हा पहिला गैरसमज. शर्यतीच्या नौकेत बैठक मागे-पुढे सरकते. त्यामुळे जोराचा मोठा वाटा मांड्या आणि नितंबांचे स्नायू उचलतात, त्यानंतर पाठ आणि शेवटी हात. साध्या होडीत बैठक स्थिर असते, तेव्हा पाठ-खांद्यांवर भार वाढतो. पण तिथेही पाय फळीला रोवून मारलेले वल्हे आणि नुसत्या हातांनी ओढलेले वल्हे यांत मोठा फरक पडतो.

शरीरातले मोठे स्नायू एकाच वेळी कामाला लागले, की त्यांना भरपूर प्राणवायू लागतो. हृदय आणि फुप्फुसे ती मागणी पुरवायला शिकतात, दमसास वाढतो. काम करणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून मधुमेहींनाही याचा फायदा आहे. शिवाय पळताना पावलागणिक गुडघ्यांना बसतो तसा धक्का इथे बसत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करायला सांगते. अर्ध्या तासाच्या पाच फेऱ्यांत तेवढा होतो.

दुखणे येते ते बहुधा कमरेला. कंबर गोल करून, वाकून वल्हे ओढले, की मणक्यांमधल्या चकत्यांवर ताण येतो. पाठ सरळ ठेवून कमरेच्या खालून, खुब्यातून पुढे झुकायचे. ओढताना श्वास सोडायचा, रोखून धरायचा नाही. श्वास रोखला, की रक्तदाब एकदम चढतो. हृदयविकार किंवा चकती सरकल्याचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. बारामतीत जिममधल्या रोइंग मशीनवर सुरुवात करणाऱ्यांनाही हेच नियम लागू.

पाणी शांत, पण वारा?

मशीन आणि जलाशय यांत एक फरक मात्र कधी विसरू नये. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणांचा जीव गेला, त्यांत दोन लहान मुले होती. एक प्रवासी पोहत काठाला आला, तो वाचला.

असे का होते? उन्हाळ्याच्या दुपारनंतर वळवाचे ढग उठतात. ढगातून पडणाऱ्या पावसाचे काही थेंब वाटेतच वाफ होतात, हवा गार आणि जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीला टेकताच चहूकडे धावते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा दाब चौपट होतो. त्यात उघड्या पाण्यावर अडवायला झाड नाही, टेकडी नाही. वारा जितके लांब अंतर पाण्यावरून धावतो, तितकी लाट मोठी. होडीत थोडे पाणी शिरले, की ते कललेल्या बाजूला धावते आणि होडी आणखी कलते. घाबरून कुणी उभे राहिले, तर तोल पुरता जातो.

म्हणून एप्रिल-मेमध्ये वल्हवायचे ते सकाळीच. पश्चिमेला काळा ढग, काठावर धुरळा किंवा अचानक गार झुळूक आली, की लगेच जवळचा काठ गाठायचा. विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केले आहे, ते मोबाइलवर ठेवावे. लाइफ जॅकेट अंगात हवे, पट्टे आवळून. बाकाखाली ठेवलेले जॅकेट उलटलेल्या होडीत सापडत नाही. पोहणारा दमतो, जॅकेट दमत नाही, ते तोंड पाण्यावर ठेवते. होडी उलटली आणि तरंगत असली, तर तिला धरून राहायचे. काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो.

पाणी ओसरते, तेव्हा पळसदेवचे जुने मंदिर वर येते. मंदिर दिसते, पण बुडालेल्या वस्त्यांचे सगळे अवशेष दिसत नाहीत. त्यामुळे नवख्यांनी वाट माहीत असलेल्या स्थानिक नावाड्याला सोबत घ्यावे. पुणे-पिंपरीचे सांडपाणीही नद्यांवाटे इथे येते. पाणी तोंडात जाऊ देऊ नये, हाताच्या फोडांवर पट्टी असावी आणि परतल्यावर साबणाने हात धुवावेत.

पहिल्या दिवशी काठाकाठाने, दोघांनी मिळून, २० मिनिटे पुरेत. आणि नावाडी ‘आज नको’ म्हणाला, तर त्या दिवशी काठावरून पक्षी पाहावेत.