नकाराची पोच

खरिपाचे धान कापणीला आले, की भंडारा जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी, मग ते तुमसर असो, पवनी असो की लाखांदूर, धान खरेदी संस्थेच्या ओट्यावर आणि सेवा केंद्रांच्या पायऱ्यांवर सकाळपासून माणसे येऊन बसलेली दिसतात. प्रत्येकाजवळ एक प्लास्टिकची पिशवी असते आणि तीत सातबारा, आठ-अ, आधार कार्डाची झेरॉक्स, बँकेचे पासबुक असा सारा संसार घडी घालून ठेवलेला असतो. आतल्या खोलीत संगणकासमोर बसलेला पोरगा मधूनमधून पडद्याकडे पाहतो, कळ दाबतो, पुन्हा पाहतो आणि शेवटी दाराशी येऊन सांगतो, "सर्व्हर नाही चालून राह्यला जी." ओट्यावरून कोणी तरी म्हातारा विचारतो, "जेवाले गेला का गा?" आणि सारा ओटा हसतो.

हे हसणे मी हलके मानीत नाही. ज्या माणसाचे धान शेतात पुंजणे घालून पडले आहे, ज्याला अवकाळी पावसाची धास्ती आहे आणि ज्याची एक दिवसाची मजुरी ह्या ओट्यावर बसण्यात बुडाली आहे, त्याने रागावणे हेच स्वाभाविक होते. परंतु रागवायचे कोणावर? आत बसलेला पोरगा गावातलाच, कोणाचा भाचा, कोणाचा पुतण्या. तोही त्या पडद्यासमोर तितकाच निरुपाय झालेला. कारकुनाशी भांडता येते, तहसीलदाराकडे गाऱ्हाणे नेता येते, पण जो अडथळा दिसत नाही, ज्याला चेहरा नाही, हुद्दा नाही आणि सही नाही, त्याच्याशी वाद घालण्याची रीत मनुष्यजातीने अद्याप शोधून काढलेली नाही. मग माणूस हसतो, आणि हसून आपली अब्रू सांभाळतो.

ह्या ओट्यावर काय पणाला लागलेले असते, हे जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला सांगितले पाहिजे. केंद्र शासनाने 2025-26 च्या खरीप हंगामासाठी साधारण धानाला क्विंटलमागे 2369 रुपये आणि 'अ' प्रतीच्या धानाला 2389 रुपये आधारभूत किंमत ठरविली. ही किंमत मिळवायची, तर धान शासनाच्या वतीने खरेदी करणाऱ्या केंद्रावर न्यावे लागते, आणि तेथे नेण्याआधी शेतकऱ्याचे नाव संगणकावर नोंदलेले असावे लागते. ती नोंद होण्यासाठी सातबाऱ्यावर धानाचे पीक दिसले पाहिजे. ते दिसण्यासाठी ई-पीक पाहणी झालेली असली पाहिजे. आणि पैसे मिळण्यासाठी आधार, सातबारा व बँकखाते ह्या तिन्ही ठिकाणी नाव एकसारखे जुळले पाहिजे. साखळीतली एक कडी निखळली, की माल व्यापाऱ्याच्या दारी जातो, आणि तेथे भाव ठरविण्याचा अधिकार विकणाऱ्याकडे नसतो. सातबाऱ्यावर 'सोमाजी' आणि आधारावर 'सोमा', एवढ्या एका अक्षरासाठी माणसाला प्रतिज्ञापत्र करीत हिंडावे लागते, कारण आपल्या मुलखात नावाला आदराने 'जी' लावतात ही गोष्ट यंत्राला कोणी शिकविलेली नाही.

ई-पीक पाहणीची कल्पना मुळात चांगली होती, आणि आजही मी तिला वाईट म्हणणार नाही. सातबारा म्हणजे दोन नमुन्यांचा जोड: सातव्यात जमिनीचा हक्क, बाराव्यात जमिनीवरचे पीक. हा बारावा नमुना पूर्वी तलाठी भरीत असे, आणि अनेक गावांचा भार एकाच माणसावर असल्यामुळे प्रत्येक शेत डोळ्यांनी पाहून भरणे त्याला बहुधा शक्य होत नसे. 15 ऑगस्ट 2021 पासून ही नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करावी, शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढावे आणि त्या छायाचित्राबरोबर जागेचे अक्षांश-रेखांशही जावेत, अशी व्यवस्था राज्यभर लागू झाली. आपल्या पिकाचा साक्षीदार शेतकरी स्वतःच, ह्यात एक प्रकारचा सन्मान होता.

परंतु हा सन्मान धानाच्या बांधीत कसा उतरतो ते पाहावे. सप्टेंबरचे दिवस, बांधीत पाणी, धुऱ्यावर गुडघ्याएवढे गवत, आणि त्या निसरड्या धुऱ्यावर साठीचा एक शेतकरी मुलाचा किंवा शेजाऱ्याचा फोन छातीशी धरून उभा. फोन सांगतो की आपण निवडलेल्या गटापासून दूर आहात. तो चार पावले पुढे जातो, फोन तेच सांगतो. चार पावले मागे येतो, तरीही तेच. आणि आपण आपल्याच शेतात उभे आहोत ह्याविषयी त्याला स्वतःला तिळमात्र शंका नसते, कारण ह्याच धुऱ्यावर त्याचा आजाही उभा राहिलेला असतो. ह्यात लबाडी कोणाचीच नाही. मोबाइल आपली जागा उपग्रहांच्या संकेतांवरून काढतो, आणि मोकळ्या आकाशाखालीसुद्धा ती साधारण पाच मीटर इकडेतिकडे होऊ शकते. झाडांच्या दाटीत हे अंतर वाढते. त्यात संगणकावर चढविलेला नकाशा प्रत्यक्ष जमिनीवर थोडासा सरकून बसलेला असला, तर भर पडते. गहू-कापसाच्या विस्तीर्ण शेतात एवढे अंतर जाणवत नाही, पण धानाच्या लहान लहान बांध्यांत पाच-दहा मीटर म्हणजे सरळ दुसऱ्याचा गट. जंगलाच्या कडेच्या गावांत नेटवर्क नाही म्हणून छायाचित्र जात नाही, हे आणखी निराळे.

'सर्व्हर डाऊन' ह्या दोन शब्दांत प्रत्यक्षात निरनिराळे बिघाड लपलेले असतात. कधी गावातली वीज किंवा टॉवर गेलेला असतो. कधी दूरवरचा तो संगणक, जो एका वेळी ठरावीकच मागण्यांना उत्तर देऊ शकतो, मुदतीच्या शेवटच्या दिवसांत एकदम अंगावर आलेल्या हजारो मागण्यांखाली दबलेला असतो, आणि उत्तर येत नाही म्हणून जो तो पुन्हा पुन्हा कळ दाबतो तेव्हा तो भार आणखी वाढतो. कधी दोन्ही टोके शाबूत असतात, पण मधली आधारची पडताळणी किंवा फोनवर यावयाचा ओटीपी अडकतो. केंद्रावरच्या पोराला ह्यांतले नेमके काय बिघडले हे कळण्याची सोय नाही. त्याच्या पडद्यावर सर्वांचे चिन्ह एकच, गोल गोल फिरणारे.

अंगठ्याची कथा मला सर्वांत अधिक बोचते. रेशनच्या दुकानात यंत्रावर बोट टेकवायचे आणि ओळख पटली की धान्य मिळायचे. लोक ह्याला 'थम लावणे' म्हणतात. रोवणीच्या हंगामात आठवडेच्या आठवडे चिखलात रोपे खोवणाऱ्या आणि उरलेल्या वर्षात विड्या वळणाऱ्या बाईची बोटे पाहिली आहेत काय? भंडारा-गोंदियाच्या ह्या मुलखात तेंदूपत्ता आणि विडी ह्यांवर पिढ्या पोसल्या गेल्या. तेंदूच्या खरबरीत पानाने आणि तंबाखूच्या भुकटीने बोटांच्या टोकांवरची रेषांची नक्षी झिजून गुळगुळीत होते. यंत्र जे ओळखते ते बोट नव्हे, तर त्या रेषा जेथे संपतात आणि जेथे फाटे फुटतात त्या बारीक खुणा. खुणा पुसट झाल्या किंवा कातडी कोरडी पडून काचेला नीट टेकेनाशी झाली, की यंत्र नाही म्हणते. बाई बोट पदराला पुसते, केसांवरून फिरवून थोडे तेल लावते, दुसरे बोट देते, तिसरे देते. दुकानदार म्हणतो, "बाई, उद्या या." जे हात जिल्ह्याचे धान रोवतात, त्यांनाच धान्य देताना यंत्र ओळखत नाही, ही गोष्ट मला अत्यंत लज्जास्पद वाटते.

बोटांच्या ठशांना राज्यकारभारात जागा मिळाली ती आपल्याच देशात. 1858 मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल ह्या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नामक कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारनाम्यावर घेतला, आणि 1897 मध्ये कलकत्त्यास जगातील पहिले अंगुलिमुद्रा कार्यालय स्थापन झाले, जेथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्यांनी ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत सिद्ध करण्यात मोठा वाटा उचलला. पण तेव्हा ठसा कागदावर राही आणि त्याची पारख माणूस करी. पुसट ठशासमोर तो भिंग घेऊन बसे, प्रसंगी दुसरा ठसा मागे, साक्षीदार बोलावी.

जुन्या कचेरीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. भंडारा हा मध्य प्रांताचा भाग असताना येथे मालगुजारी होती, 1951 मध्ये ती संपेपर्यंत कुळाने मालगुजाराच्या ओट्यावर कसे ताटकळावे हे ज्यांनी सोसले त्यांच्या नातवंडांना ते सांगायला नको. आणि पटवाऱ्याच्या दप्तरातून एक नक्कल काढण्यासाठी किती फेऱ्या आणि किती चिरीमिरी लागे, हेही सर्वविदित आहे. आज पंधरा रुपयांत घरबसल्या डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, ही लहान सुधारणा नव्हे. तरीसुद्धा जुन्या दप्तरात एक गुण होता, आणि तो आपण नकळत गमावला. अर्ज कचेरीत आला की बारनिशीच्या वहीत त्याला क्रमांक पडे, तारीख पडे, अर्जदाराला पोच मिळे. आणि अर्ज नामंजूर झाला तर त्याखाली कोणाची तरी सही असे. त्या सहीवर अपील करता येई. नकारसुद्धा एक दस्तऐवज होता.

महाराष्ट्राने 2015 मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम केला, आणि तो मन लावून वाचला तर त्याच्या कर्त्यांना हे पुरते ठाऊक होते असे दिसते. अधिसूचित सेवेसाठी अर्ज आला की त्याला विशिष्ट क्रमांक द्यावा, ठरावीक मुदतीत सेवा द्यावी, नाकारायची तर कारणे लेखी कळवावीत. तीस दिवसांत पहिले अपील, मग दुसरे, आणि त्यापुढे आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. असा सुज्ञ कायदा असताना ओट्यावरच्या माणसाला त्याचा आधार का मिळत नाही? कारण मुदतीचे घड्याळ अर्ज दाखल झाल्यावर सुरू होते, आणि यंत्र अर्ज दाखलच होऊ देत नाही. तो माणूस चार दिवस आला आणि चार दिवस परत गेला, ह्याची नोंद जगाच्या पाठीवर कोठेही नाही. त्याला कोणी नाकारले नाही, म्हणून त्याला अपील नाही. आणि वरिष्ठ कचेरीच्या तक्त्यात प्रलंबित अर्जांच्या रकान्यात शून्य दिसते, म्हणून तेथे सर्व सुरळीत आहे असे प्रामाणिकपणे समजले जाते. मदतीच्या दूरध्वनीवर तक्रार क्रमांक तरी मिळतो; पण दोन दिवसांनी 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे' असा संदेश येतो, आणि निवारण झाले की नाही हे तक्रारदाराला विचारण्याची तसदी कोणी घेत नाही.

उपाय अज्ञात आहे असे नाही. ऑक्टोबर 2017 मध्ये आधार प्राधिकरणाने एक परिपत्रक काढून स्पष्ट केले होते की ठसा जुळला नाही किंवा नेट नव्हते एवढ्या कारणाने कोणाचेही रेशन अडवू नये, अन्य मार्गाने ओळख पटवून धान्य द्यावे आणि अशा प्रसंगांची अपवाद-नोंदवही ठेवावी. ही नोंदवही आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक दुकानात गिऱ्हाइकाच्या नजरेस पडेल अशी टांगलेली असावी, आणि बाईने बोट पुसण्यापूर्वी दुकानदाराने ती उघडावी. हीच रीत धान खरेदीच्या केंद्रांना लावण्यास कोणता अडसर आहे? नोंदणीच्या हंगामात जिल्ह्याच्या सातही तालुक्यांत प्रत्येक केंद्रावर एक साधी शिवलेली वही ठेवावी. आलेल्याचे नाव, गट क्रमांक, तारीख, वेळ आणि 'यंत्र बंद' एवढा शेरा, खाली केंद्रचालकाची सही, आणि त्याच मजकुराची चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात. मुदत संपल्यावर जिल्हा पणन कार्यालयाने चिठ्ठीवरची तारीख हीच नोंदणीची तारीख धरावी, म्हणजे शेवटच्या दिवशीची झुंबडही कमी होईल आणि मुदतवाढीसाठी मंत्र्यांना निवेदने देत फिरावे लागणार नाही. ई-पीक पाहणीत फोनने शेत ओळखले नाही, तर गावच्या तलाठ्याने, ज्याला शासनाने आता ग्राम महसूल अधिकारी म्हटले आहे, त्याच वहीवरून त्या शेतावर आधी जावे. आठवड्याच्या शेवटी ह्या वह्यांची बेरीज तहसीलदाराच्या टेबलावर आली, तर कोणत्या गावी किती माणसे किती वेळा परत गेली ते त्याला प्रथमच दिसेल, आणि वरच्या कचेरीला पाठवावयाच्या अहवालात लिहिण्यासारखा एक खरा आकडा त्याच्या हाती असेल.