वाळवंटी रानफुलांचीं छायाचित्रें व त्यांचा उपयोग

अमेरिकेंतील ॲरिझोना राज्यांत टूसॉन शहराभोंवतीं सोनोरा नांवाचें विस्तीर्ण वाळवंट आहे. तेथें वर्षाकाठीं सरासरी सुमारें ११ इंच पाऊस पडतो. कांहीं उन्हाळ्याच्या उत्तरार्धांत, कांहीं हिंवाळ्यांत. एवढ्या तुटपुंज्या ओलीवर तेथील लोक घराभोंवतीं रानफुलें लावतात, व फेब्रुवारीअखेर वसंताची चाहूल लागतांच त्यांचीं छायाचित्रें घेतात. हा केवळ हौसेचा विषय आहे असें वाचकांनीं समजूं नये. तारखेनिशीं जपलेलें छायाचित्र ही पावसाची व बियाण्याची नोंदवहीच होय.

या फुलांपैकीं मेक्सिकन गोल्ड पॉपी ही आपल्या शेतांत माजणाऱ्या पिवळ्या धोत्र्याच्या कुळांतील, व लुपिन हें हरभऱ्याप्रमाणें शेंगवर्गांतील. दोन्हींचें बीं उन्हाळाभर जमिनींत पडून राहतें. शरद ऋतूंत अथवा हिंवाळ्याच्या आरंभीं एकदां इंचभर तरी भिजपाऊस झाला म्हणजे तें रुजतें. हलक्या सरींना तें सहसा दाद देत नाहीं. शिवाय सर्व बीं एकाच वर्षीं उगवत नाहीं. टूसॉन येथील डेझर्ट लॅबोरेटरी या १९०३ सालीं स्थापन झालेल्या संस्थेच्या जमिनीवर १९८२ पासून झालेल्या निरीक्षणांत असें दिसलें कीं, कांहीं बीं रुजतें व कांहीं पुढील वर्षांसाठीं राखून राहतें. पाऊस दगा देईल त्या वर्षीं उगवलेलें मरतें, पण वंश बुडत नाहीं. दुबार पेरणीचा फटका सोसलेल्या कोरडवाहू शेतकऱ्यास या सावधगिरीचें मोल सांगावयास नको.

घरच्या बागेंत बीं ऑक्टोबर-नोव्हेंबरांत मोकळ्या उन्हाच्या जागीं फेंकून वरवर मातींत मिसळावें. पाऊस न झाल्यास बेताचें पाणी द्यावें. खत घातल्यास पाला माजतो व फुलें कमी येतात.

छायाचित्र घेण्यास फुलाचा स्वभाव ओळखावा. पॉपी ऊन चढल्यावर उमलते, आणि सायंकाळीं किंवा आभाळ आलें असतां मिटते. म्हणून तिच्यासाठीं सकाळचा दुसरा प्रहर योग्य. उलट ईव्हनिंग प्रिमरोझचें पांढरें फूल सायंकाळीं उमलतें व दुसऱ्या दिवशीं ऊन तापतांच कोमेजतें. भर दुपारीं सावल्या काळ्या पडतात. त्या वेळीं फुलावर पातळ पांढरें कापड धरल्यास प्रकाश मवाळ होतो. उभ्यानें न घेतां गुडघे टेंकून फुलाच्या उंचीवरून चित्र घ्यावें. प्रत्येक झाडाचीं तीन चित्रें असावींत: जमिनीसह सबंध झाड, फूल जवळून, आणि पान व शेंग अथवा बोंड. याशिवाय बागेंत एक खुंटी ठोकून तेथूनच दर आठवड्यास एक चित्र घ्यावें व त्याखालीं तारीख आणि झालेला पाऊस लिहावा. मोबाइलचा कॅमेराही या कामास पुरतो.

एकाच जागेवरून वर्षानुवर्षें घेतलेल्या चित्रांचें महत्त्व मोठें आहे. हेस्टिंग्ज व टर्नर यांनीं जुनीं छायाचित्रें घेऊन त्याच जागा पुन्हां टिपल्या, आणि १९६५ सालच्या ‘द चेंजिंग माइल’ या ग्रंथांत त्या मुलखाची वनस्पति कशी पालटली हें दाखविलें.

असा पालट आजही चालूं आहे, आणि त्यास कारण झालेलें एक गवत आपल्या परिचयाचें आहे. आपल्याकडे उत्तम चारा म्हणून लावलें जाणारें अंजन गवत १९३० नंतरच्या दशकांत ॲरिझोनांत चाऱ्यासाठीं व जमिनीची धूप थांबविण्यासाठीं नेण्यांत आलें. तेथें तें रानफुलांमधील मोकळी जागा व्यापूं लागलें. वाळल्यावर तें सहज पेट घेतें. आणि आगीची संवय नसलेले तेथील मोठे सग्वारो निवडुंग त्यांत होरपळून मरतात. २००५ सालीं त्या राज्यानें या गवतास उपद्रवी तण ठरविलें. एका देशीं उपकारक असलेलें गवत दुसऱ्या देशीं घातक ठरूं शकतें, हें परदेशी बियाणें मागविणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें.

मोकळ्या जागेंत शिरणारें पहिलें ठोंब तारीखवार चित्रांत वेळींच दिसतें, आणि तेव्हां तें एका हातानें उपटतां येतें. आपल्या बांधावर व पडीक रानांतही अशी खुंटी ठोकण्यास हरकत नाहीं.