टेकडीभर झाडू!

ओळख पाहू! अंगाने गोलमटोल, दिसायला मांजरीच्या पाठीसारखं मऊमऊ, आणि नाव काय, तर झाडू!

नाही ना ओळखता आलं? चल, जपानला! तिथे समुद्राकाठी हिताची सीसाइड पार्क नावाची भलीमोठी फुलबाग आहे. सप्टेंबर संपत आलाय. उन्हाळा निरोप घेतोय, शरद ऋतू दार वाजवतोय. समोरच्या टेकडीवर कोचिया नावाची झुडपं उभी आहेत. किती? तीस हजारांहून जास्त! तुझ्या शाळेत हजार मुलं असतील, तर अशा तीस शाळा एकाच टेकडीवर प्रार्थनेला उभ्या राहिल्यात म्हण ना!

उन्हाळाभर ही झुडपं हिरवीगार होती. आता बघ, कुठे हिरवी, कुठे लालसर. आढीतला आंबा कसा आधी एकाच गालावर पिवळा होतो, अगदी तस्सं! आणि ऑक्टोबरच्या मध्याला? अख्खी टेकडी लालेलाल!

हा रंग आला कुठून? तुझ्या स्वयंपाकघरात जा. बीटाच्या कोशिंबिरीत दही गुलाबी कोण करतं? बीटातलं रंगद्रव्य! त्याच जातीचं रंगद्रव्य कोचियातही असतं. असणारच, बीट, पालक, लाल माठ आणि कोचिया ही सगळी एकाच कुळातली भावंडं! दिवस लहान झाले, रात्री गार पडल्या, की पानातला हिरवा रंग ओसरतो. मग लाल रंगाची मज्जाच मज्जा!

बरं, फुलबाग म्हणालो, मग फुलं कुठायत? आहेत की! टेकडीच्या पायथ्याशी कॉसमॉस डोलतायत. कोचियालाही फुलं येतात, पण अगदी बारीक, आणि त्यांना पाकळ्याच नसतात. बिचारी! फुलबागेत राहून कुणी त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही.

आता झाडूचं कोडं. जपानी भाषेत कोचियाला म्हणतात 'होकिगी'. होकी म्हणजे झाडू, गी म्हणजे झाड. झाडूचं झाड! लाली उतरली की झुडूप सुकून वाळक्या गवताच्या रंगाचं होतं. मग उपटायचं, बांधायचं, की झाडू तयार! लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो ना, तिचीच ही लांबची जपानी मैत्रीण.

आणि थांब, अजून एक गंमत! कोचियाच्या बिया उकडून, सालं काढून जपानी लोक भाताबरोबर खातात. काळपट हिरव्या, दाताखाली कुटकुट फुटणाऱ्या. झाडूच्या बिया! खाशील?