पहिलीपासून इंग्रजी, तरी पाचवीत पोरगं का अडतं?

मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे. तरी पाचवीतलं पोरगं इंग्रजीचं पुस्तक उघडलं की गप्प होतं. मग पारावर निकाल लागतो, "मास्तर शिकवतच नाहीत." एवढं सोपं नाही ते.

मराठीत लिहितो तसंच वाचतो. बाराखडी पक्की झाली की पोरगं दुकानाची पाटीही वाचतं. इंग्रजीत बी-यू-टी बट, पण पी-यू-टी पुट. 'सी' कॅटमध्ये क होतो, सिटीत स. घरी आपण एबीसीडी घोकून घेतो, म्हणजे अक्षरांची नावं पाठ होतात, आवाज नाही. 'सी, ए, टी' कितीही वेळा म्हटलं तरी त्यातून कॅट ऐकू येत नाही. म्हणून बरेच शिक्षक आता आधी आवाज शिकवतात. पोरगं घरी "ब, ब, बॅट" करत बसलं तर एबीसीडी विसरलं असं समजू नका.

वाक्याचंही तसंच. मराठीत क्रियापद शेवटी, इंग्रजीत मधे. त्यामुळं पोरगं "आय मँगो ईट" म्हणतं, वर्ग हसतो आणि ते आठ दिवस तोंड उघडत नाही. खरं तर त्यानं पाठ केलेलं न म्हणता स्वतः जुळवलेलं असतं. ते सुधारायचं आणि त्याची भीडही वाढू द्यायची नाही, शिक्षकाची खरी कसरत हीच.

त्यात दोनशिक्षकी शाळा. पहिलीला आवाज शिकवायचा तर शेजारी चौथीला गणित देऊन बसवावं लागतं. सोमवारी दहा शब्द वाचणारं पोरगं कांदा काढणीला चार दिवस घरी राहिलं की परत पाचावर येतं. मराठी घरात कानावर पडते, इंग्रजी वाक्य शाळेबाहेर कुठं ऐकायला मिळतं? (इंग्रजी यावं म्हणणारे आपणच, अन् कामाला घरी ठेवणारेही आपणच.)

शब्द मात्र घरात ढीगभर आहेत. मोटर, स्टार्टर, पाईप, ट्रॉली, चार्जर. खताच्या गोणीवरचं, मोबाईलवरचं एक-एक नाव रोज वाचायला लावा. अडलं तर लगेच सांगू नका, थोडं थांबा.

आणि इंग्रजी शाळेच्या व्हॅनचे पैसे भरण्याआधी तिथल्या एखाद्या पोराला न पाहिलेला शब्द वाचायला द्या. पाठ कविता कुणीही म्हणतं. गावातल्या शाळेचा पट घटला तर शिक्षकही घटतो, मग मागं राहिलेल्या पोरांचे सगळे वर्ग एकाच्याच गळ्यात पडतात.